पुढच्या बीटाचा माणूस

डोमाजी माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहत, आधी पायांकडे. तीस-बत्तीस वर्षे रेल्वेच्या रुळांवरून मान खाली घालून चाललेल्या माणसाची ती सवय होती. रस्त्यात कुणी भेटले की त्यांची नजर आधी चपलेवर, मग टाचेवर, मग गुडघ्यावर जाई आणि चेहऱ्यापर्यंत पोहोचेतो समोरचा माणूस अवघडून गेलेला असे. माझीही त्यांच्याशी ओळख पायापासूनच झाली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो, वय पंचावन्न. नागपूरला हनुमाननगरात दोन खोल्यांत एकटा राहत होतो. माझी पत्नी मालती जाऊन दोन वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते. ती गेल्यावर मी जेवण सोडले आणि खाणे धरले. ग्रंथालयातून परतताना पेढे घ्यायचे, शेव घ्यायची, घरी येऊन पुस्तक उघडायचे आणि पुडी संपेपर्यंत वाचायचे. भांडी घासावी लागत नाहीत, एवढेच त्या जेवणाचे सुख. मग चपलेने अंगठ्याला जखम झाली आणि ती भरेना. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासून सांगितले, "मधुमेह आहे. ही जखम मी भरून आणतो. पण तुम्ही असेच राहिलात तर पुढची भरेलच असे नाही. मग पाऊल काढावे लागेल."

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. भीती वाटायला हवी होती. मला मात्र फक्त थकवा वाटला. पाऊल राखून जायचे तरी कुठे होते?

शेजारी खाकी कोट घातलेला एक वाळका म्हातारा बसला होता. बायकोला दाखवायला घेऊन आला होता. त्याने माझ्या पट्टीकडे बराच वेळ पाहिले.

"साखर का जी?"

मी मान हलवली.

"कापतो म्हणाले?"

"आत्ता नाही. पुढे कदाचित."

"मंग काय! चाबी ढिली झाली फक्त."

मला कळले नाही, हे त्याला कळले. रूळ जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात. त्या रोज तपासत, सैल झालेली चावी हातोड्याने ठोकत जाणे हे डोमाजींचे आयुष्यभराचे काम होते. "रूळ एकाएकी तुटत नाई, बाबूजी. आधी चाबी ढिली होते. ढिली आहे तवरच ठोकली का गाडी जाते आरामात. मंग ठोकाले गेलं तं पोलीस बसलेला राहते पंचनामा लिहीत."

त्यांच्यापेक्षा मी दहा-अकरा वर्षांनी लहान, तरी पहिल्या दिवसापासून मी त्यांचा 'बाबूजी' झालो. लेखणी धरणारा तो बाबू, असा त्यांचा हिशेब. ते सक्करदऱ्याला तळ्याजवळ राहत. जखमेची चौकशी करायला दोन-तीनदा घरी आले. जखम सुकून डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पत्र्याचे दोन गोल तुकडे घेऊन आले. तुपाच्या रिकाम्या डब्यातून कापलेले. एकावर खिळ्याने ठोकून 'एक' काढलेला, दुसऱ्यावर 'दोन'.

मग त्यांनी मला गस्तीचा नियम सांगितला. पावसाळ्यात रुळांवर गस्त घालतात. प्रत्येक माणसाच्या वाट्याला रुळाचा एक तुकडा, त्याचे नाव बीट. दोन बीटांच्या सीमेवर दोघांनी भेटायचे आणि आपापला नंबरी बिल्ला एकमेकाला द्यायचा. बिल्ला बदलला म्हणजे दोघेही चालले. "आन् समोरचा आला नाई तं वापस फिराचं नाई. तो भेटत नाई तवर पुढंच चालाचं. पडला असंन कुठं, साप चावला असंन, काय सांगाव! आजपासून तुम्ही एक नंबर, मी दोन नंबर."

पहिल्या आठवड्यात आमची सीमा माझ्याच गल्लीच्या तोंडाशी होती. डोमाजी सक्करदऱ्याहून एवढे अंतर तुडवत येत, मी साठ-सत्तर पावले चालून जाई, आम्ही बिल्ले बदलत असू आणि ते "राम राम, एक नंबर" म्हणून मागे वळत. कॉलेजात माझ्याशी प्राध्यापकसुद्धा दबकून बोलत; इथे मी एक पत्र्याचा तुकडा मुठीत धरून विजेच्या खांबाखाली उभा. दर सोमवारी सीमा एक खांब पुढे सरके. माझे बीट वाढे, त्यांचे कमी होई. दम लागला की मी म्हणे, "डोमाजी, हा सोमवार राहू द्या." ते म्हणत, "खांब तं सरकून गेला जी. आता त्याले काय मांगं ढकलता?"

मालतीच्या तिथीच्या दिवशी मी उठलो नाही. तोवर सीमा माझ्या घरापासून अकराव्या खांबापर्यंत गेली होती. पडून राहिलो. साडेसातला फाटक वाजले. डोमाजी पायरीवर बसलेले दिसले.

"काहून जी? तब्येत?"

"आज मन नाही, डोमाजी."

"मन नाई तं मनाले राहू द्या घरी. पाय तेवढे पाठवा."

"आज राहू द्या. तुम्ही परत जा."

"परत कसा जाऊ? बिल्ला नाई बदलला न."

बोलता बोलता ते गुडघा चोळत होते. धोतर जरा वर सरकले तेव्हा मला दिसले. गुडघा टम्म सुजला होता.

"हे कधीपासून?"

"झाले असतीन आठ-दहा रोज."

"आणि अशा पायाने रोज येता? कशाला?"

त्यांना प्रश्नच विचित्र वाटला असावा. "तुम्ही तिकडून येऊन राहिले न जी. मी नाई आलो तं नियमानं तुमाले पुढं या लागन. थेट सक्करदऱ्यापर्यंत. तुमाचं पाऊल कच्चं. कसे येसान?"

मी आत जाऊन तोंड धुतले, चपला घातल्या, रिक्षा बोलावली. ते बसेनात. "रिक्षात बसून गस्त घालणारा मानूस जमादारानं पाहिला तं घरीच पाठवन." शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून ते चालले. दोन वर्षांत माझ्या खांद्यावर कुणाचा हात पडला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदाच मी सक्करदऱ्यापर्यंत चाललो. पायाला काही झाले नाही.

त्यांच्या घरी त्यांच्या बायकोने, सखुबाईंनी, मला जेवायला बसवले. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, पातळ वरण, कच्चा कांदा. डोमाजी दोन भाकरी खाऊन थांबत. तिसरी कितीही आग्रहाने आली तरी हात आडवा. "भूक लागली तं जेवाव, बाबूजी. आठवण आली म्हनून जेवाव नाई." हे ते सहज बोलले, पण संध्याकाळी पेढ्यांच्या दुकानापुढे माझे पाऊल अडखळले, ते त्या वाक्यामुळे.

पुढे मी सखुबाईंकडून भाकरी शिकलो. रविवारी सकाळी धोतर खोचून परातीसमोर बसायचे. पहिली भाकर माझ्या हातात तीन ठिकाणी फाटली. "भाऊ, पीठ भिवून राहिलं तुमाले," सखुबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या. डोमाजींनी त्यांना दटावले, "हासू नको वं. शिकेल मानूस आहे. पुस्तकात पाहून करन." चौथ्या रविवारी एक भाकर फुगली. त्या दोघांनी तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि डोमाजींनी तीच आपल्या ताटात घेतली. डॉक्टरांनी लिहून दिलेला आहाराचा कागद माझ्याकडे वर्षभर होता. तो मी अनेकदा वाचला होता. जेवायला मात्र मला या घराने शिकवले.

नियमाच्या बाबतीत डोमाजींना तारतम्य नव्हते, हेही सांगायला हवे. एकदा पुतणीच्या लग्नासाठी मी सावनेरला गेलो. आदल्या दिवशी त्यांना सांगायचे राहून गेले. दुपारी पंगतीत बसलो होतो. वडाभात झाला होता, पानात जिलब्या पडल्या होत्या, चौथी माझ्या हातात होती, आणि मांडवाच्या दारात खाकी कोट दिसला. डोमाजी रोजच्या खांबापाशी थांबले, मग माझ्या घरी आले, कुलूप पाहिले, शेजाऱ्यांकडून सावनेर कळले आणि एसटीत बसून सावनेरला उतरले. पुढचा माणूस सापडेपर्यंत पुढेच चालायचे ना!

माझ्या थोरल्या भावाने त्यांना अडवले. "आपण कोण? कोणाकडचे?"

"मी यायच्या पुढच्या बीटाचा," माझ्याकडे बोट दाखवून डोमाजी म्हणाले.

भावाने कोटाकडे पाहिले, धुळीच्या पायांकडे पाहिले. पंगतीत कुजबुज झाली. जन्मभर मी असल्या कुजबुजीला भिऊन मान खाली घालत आलो होतो. त्या दिवशी सरकून शेजारी जागा केली आणि मोठ्याने म्हटले, "डोमाजी, या. वाढा रे यांना."

ते मांडी घालून बसले. आधी खिशातून बिल्ला काढून माझ्या पानाशेजारी ठेवला. मी घाईत जानव्याला बांधलेल्या किल्ल्या, मग खिसे चाचपू लागलो. माझा बिल्ला नागपूरलाच राहिला होता. "राहू द्या, उधार," ते म्हणाले. मग माझ्या हातातल्या जिलबीकडे पाहून हळूच विचारले, "कितवी?"

"चौथी."

"चव पह्यल्या घासाले राहते जी. बाकीचे घास म्हंजे नुसता गोदाम भरणं." त्यांनी स्वतः अर्धी जिलबी घेतली, डोळे मिटून, इतकी सावकाश खाल्ली की वाढपी दोनदा येऊन गेले. परतताना एसटी स्टँडपर्यंत त्यांनी मला लांबच्या रस्त्याने चालवत नेले. माझी चौथी जिलबी पानातच राहिली.

दीड-दोन वर्षांनी रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी माझे दोन्ही पाय उलटसुलट तपासले आणि विचारले, "काय करता तुम्ही?" मी म्हणालो, "गस्त घालतो." त्यांनी गोळ्या निम्म्या केल्या. पाऊल राहिले. ही बातमी घेऊन मी भर उन्हात सक्करदऱ्याला गेलो. डोमाजींनी माझ्या पायांकडे पाहिले. "मले त कवाच मालूम होतं. चाल पाहून राहिलो होतो न मी."

पुढची सहा वर्षे आम्ही चाललो. मी निवृत्त झालो. मग एका हिवाळ्यात डोमाजींची छाती धरली. दम पुरेना. खांब उलटे सरकू लागले. त्यांचे बीट आखूड होत होत अंगणापर्यंत आले, मग ओसरीपर्यंत, मग खाटेपर्यंत. मी सगळा रस्ता चालून जाई आणि उशाशी बसे. ते म्हणत, "सांगा जी. काय काय पाह्यलं?"

मी कमी बोलणारा माणूस. पण त्यांच्यासाठी रस्ता सांगायला शिकलो. सायकलवाल्याने दुकान उघडले होते का, निंबाखाली कुत्री किती होती, मेडिकल कॉलेजकडे जाणारा दूधवाला आज कुणाशी भांडत होता. डोमाजी डोळे मिटून ऐकत. मधे एखादे ठिकाण गळले की त्यांना बरोबर कळे. "पिठाची चक्की काहून सोडली जी? उडी मारून आले का?" ते ऐकत असताना चादरीखाली त्यांच्या पायांची बोटे हलत.

वैशाखातल्या एका सकाळी त्यांनी विचारले, "तळ्याचं पाणी कुठवर आहे?"

मी रोज तळ्याच्या काठाने येत होतो, पण पाणी पाहिले नव्हते. खोटे सांगवले नाही. "पाहिलं नाही, डोमाजी."

"मंग उद्या पाहून येजा. मले सांगजा."

दुसऱ्या दिवशी मुद्दाम काठाशी उतरलो. बाया धुणे धुतात तो मोठा काळा दगड होता. पाणी त्याच्या बुडापासून दोन बोटे खाली गेले होते. विसरू नये म्हणून वाटेभर मनात घोकत गेलो. डोमाजींच्या दाराशी पुष्कळ चपला होत्या. शेजारी बाजूला झाले.

सखुबाई खाटेशी बसल्या होत्या. मी खाली बसलो. वर न पाहताच त्या म्हणाल्या, "सकाळपासून इचारत होते, बाबूजी आले का म्हनून. पाणी पाहाले गेले म्हणे तुम्ही."

"हो."

"कुठवर आहे?"

"धुण्याच्या दगडाच्या दोन बोटं खाली."

सखुबाई पुढे वाकल्या आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "आयकलं का जी? दगडाच्या दोन बोटं खाली आहे म्हणते."

मला वाटले होते की डोमाजी गेल्यावर मी सकाळी उठणार नाही. पलीकडून कुणी निघालेले नसते, हे ठाऊक असते. तरी उठतो. माझी दोन्ही पावले शाबूत आहेत. ती वापरल्याशिवाय ठेवणे मला बरे वाटत नाही. चालत तळ्यावर जातो, पाणी पाहतो आणि सखुबाईंच्या ओसरीवर जाऊन कुठवर आहे ते सांगतो. त्या भाकर थापता थापता हुंकार देतात.

आज सकाळी दगड दिसला नाही. पार बुडाला आहे. तेही सांगून आलो.