रेफरन्सचा चौकोन

आमच्या गाडीला मोतीबिंदू झाला होता. हे निदान आईचं. पिपलानी वसाहतीतल्या क्वार्टरसमोर इतकी वर्षं उन्हात उभी राहून हेडलाइटचं प्लास्टिक असं पांढरट-पिवळं झालेलं की आतला बल्ब ताकात पडलाय असं वाटायचं.

तर झालं असं, की गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली आणि नोंदणी पुढे चालू ठेवायची तर सोमवारी फिटनेसची तपासणी. इंजिन, ब्रेक सगळं ठणठणीत. फसणार होतो ते हेडलाइटवर. आईने जेवताना शांतपणे जाहीर केलं, "पास झाली तर ठेवा. नापास झाली तर तिथूनच थेट कबाडीकडे, भंगारात. मी पण येते सोबत, घरी आल्यावर परत चर्चा नको."

बाबा हो म्हणाले, पण पोळीचा तुकडा ताटातच राहिला. बाबा गाडी शिकलेच मुळी बेचाळिसाव्या वर्षी, ह्याच गाडीवर. दुसऱ्या कुठल्या गाडीचं स्टिअरिंग त्यांनी कधी हातात धरलेलं नाही.

आता कोणताही नॉर्मल माणूस काय करेल? दुकानातून पॉलिश आणेल, घासेल, संपलं. पण बाबा प्लांटमध्ये क्वालिटी खात्यात. तिथे ट्रायल घेतल्याशिवाय साधा वॉशर पण पास होत नाही. म्हणून रविवारी सकाळी डाव्या हेडलाइटवर चिकटपट्टीने पाच चौकोन पाडले गेले, आणि मला पॅड-पेन देऊन बसवलं.

ए म्हणजे टूथपेस्ट. बी म्हणजे देवाच्या पितळी समया घासायचं पॉलिश. सी म्हणजे अवधपुरीच्या दुकानातलं खास हेडलाइटचं पॉलिश. डी म्हणजे शेजारच्या काकांनी डबीत आणलेला एक काळा लगदा. काका प्लांटच्याच मशीन शॉपमध्ये कामाला.

"भाईसाहब, इससे हम लोहे का शाफ्ट चमका देते हैं," काका म्हणाले. "ये तो बेचारा प्लास्टिक है।"

बेचारंच होतं. डीने त्यावर असे ओरखडे पडले की जणू मांजराने रागाने पंजा मारलाय. काका म्हणाले, "लोहे पे नहीं होता ऐसा," आणि डबी घेऊन दूध आणायला निघून गेले. बाबांनी आधी पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने ओरखडे काढले, मग पुढे ट्रायल. प्रत्येक चौकोन मोजून पन्नास वेळा घासायचा. मी मोजत होते. तक्त्यात मी माझ्या मनाने 'वास' असा एक कॉलम वाढवला आणि बाबांनी तो चक्क मान्य केला. त्यात टूथपेस्ट पहिली आली. बाकी सगळ्यात सी पहिला, ए दुसरा, बी ठीकठाक.

मग दोन्ही हेडलाइट पूर्ण सीने घासले. काय दिसत होते सांगू, काच पण लाजेल. फक्त डाव्या कोपऱ्यात पाचवा चौकोन तसाच. लाडूएवढा, पिवळा, धुरकट.

"बाबा, हा राहिला."

"राहिला नाही, ठेवलाय. रेफरन्स आहे तो. आधी काय होतं ते कळायला नको? रेफरन्स पीसला हात लावायचा नसतो."

मला ते एकदम पटलं. हेच तर वाईट झालं. मीही त्यांचीच मुलगी.

सोमवारी तपासणी करणारे साहेब गाडीभोवती फिरले, खूश दिसले, आणि डाव्या हेडलाइटपाशी वाकले.

"ये क्या है?"

"सर, रेफरन्स।"

"किसका?"

"पहले का।"

साहेबांनी एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा चौकोनाकडे, आणि मग माझ्याकडे, कारण मी पुरावा म्हणून तक्ता पुढे केला होता. त्यांनी 'वास' वाचलं असणार. म्हणाले, "इसको साफ कीजिए। लंच के पहले दिखा दिया तो ठीक, नहीं तो फेल लिखूँगा।"

सीची बाटली घरी. लंचला वीस मिनिटं. बाबा बॉनेटवर हात ठेवून उभे, जसा आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. आई मागच्या सीटवर. तिने फक्त गप्प बसायची खोटी, गाडी थेट कबाडीकडे.

तिने पर्स उघडली. नागपूरच्या प्रवासासाठी ठेवलेली टूथपेस्टची छोटी ट्यूब काढली, रुमालावर पिळली, आणि खाली उतरून घासायला लागली.

बाबा हळूच म्हणाले, "अगं, ही ए आहे. ही दुसरी आली होती."

"दुसरा आलेला पण पास होतो," आई म्हणाली. "पाणी ओता."

मी बाटलीतून पाणी ओतलं आणि सवयीने मोजत राहिले. पन्नासला आई थांबली नाही. एकशे दहाला साहेब स्वतःच आले, वाकले, नाक थोडं वर केलं, वास घेतला, आणि सही केली.

परत येताना बाबा गाणं गुणगुणत होते. सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "तसं बघितलं तर बरंच झालं. कोपऱ्यात ए, बाकी सगळा सी. आता सहा महिन्यांनी कोण जास्त टिकतं ते कळेल."

"अहो," आई म्हणाली, "हिरवा झालाय. चालवा."

मी मात्र तक्त्यात एक नवा कॉलम आखून ठेवला.