दादाला थंडी वाजत होती

दादा गेल्याचा वहिनींचा फोन आला, तेव्हा मी दवाखान्याबाहेर चहा पीत होतो. त्याला आता सहा आठवडे होतील. गावात हल्ली दादापेक्षा वहिनींबद्दलच जास्त बोलतात, म्हणून हे लिहायला बसलो.

माझा हा मोठा भाऊ थंडीला भारी भ्यायचा. युसूफ वडगावात त्याचं भांड्यांचं दुकान. उन्हाळ्यातही सकाळी शटर उघडताना कानाला मफलर. कुणी हसलं की म्हणायचा, "तुमी घाम पुसा बे, माझं मी बघतो." केजच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडला, तेव्हाही डोक्याला मफलरच होता, हेल्मेट नव्हतं.

शहरातल्या दवाखान्यात त्याला गार पाण्याच्या गादीवर ठेवलं. मेंदूला सूज आहे, अंग तापलं तर कवटीतला दाब वाढेल, म्हणून थंडच ठेवायचं, असं डॉक्टर एका दमात सांगून गेले. मी मान हलवली. आमच्याकडे डॉक्टरांपुढे मान हलवायचीच असते, कळो न कळो.

संध्याकाळी आम्हाला आत सोडलं. वहिनींनी पाय धरले अन् त्यांचा चेहराच उतरला. "भावजी, हे लई गार पडलेत हो…" पाय गार पडले की आमच्या घरात सुंठ चोळतात, शेक देतात. मी कँटीनमधून गरम पाण्याच्या दोन बाटल्या आणल्या, दादाच्या काखेत ठेवल्या, वरून शाल घातली. नर्स दुसऱ्या पेशंटपाशी अडकलेली. मला वाटलं, मोठंच काम केलं.

अर्ध्या तासात मशीन ओरडायला लागलं. ताप चढला होता, मेंदूतला दाबही. पुन्हा थंड केलं, तरी रात्रभर दोन्ही वरखाली होत राहिलं. "कुणी ठेवल्या या बाटल्या?" डॉक्टर कडाडले. मी शाल उचलून घडी घालायला लागलो.

"मी," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा गेला. मार मोठा होता, बाटल्यांनीच गेला असं सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण भावकीला कुणाचं तरी नाव हवं होतं. तेराव्याच्या पंगतीत बायका कुजबुजल्या, "हिनंच घालवला नवरा." मी भात वाढत होतो. ऐकलं, अन् वाढत राहिलो… लाज वाटते स्वतःची.

परवा धीर करून विचारलं, "वहिनी, माझं नाव कावून न्हाई घेतलं?"

"तुमाला ह्यांचं दुकान चालवायचंय, नाव गेलं की गिऱ्हाईकबी जातं. अन् गार पडलेत असं मीच म्हनलते ना?" त्यांनी खुंटीवरचा मफलर माझ्या हातात दिला. दोनदा धुऊनही काठाला तपकिरी डाग राहिलाय. "घ्या. सकाळी गार वारं असतंय."

काल तो कानाला गुंडाळून शटर उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीतलं. पातेलं उलटंपालटं करत म्हणालं, "वहिनीनं वेडेपणा केला म्हनं?"

मी कानाचा मफलर सोडला.

"न्हाई. बाटल्या मी ठेवलत्या."