बुजवलेली आळी

हे घर आम्ही अण्णांसाठी घेतलं, असं मी सगळ्यांना सांगत असे. ऑफिसात सांगितलं, नातेवाइकांत सांगितलं, कौलं विकणाऱ्या माणसालाही सांगितलं, ज्याला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ते पूर्ण खरं नव्हतं. पुण्याजवळच्या भुकूममधल्या फ्लॅटचा मलाच कंटाळा आला होता आणि मुळशीकडे आपलं बैठं घर असावं ही हौस माझीच होती. पण आई गेल्यावर अण्णा, म्हणजे माझे वडील, लातूरकडच्या आमच्या गावी एकटे राहत होते. फ्लॅटमध्ये आणलं की आठवड्याच्या आत पिशवी भरायला घेत. "जमिनीला पाय लागंना रे इथं," एवढंच कारण सांगत. त्यामुळे माझ्या हौसेला एक चांगलं नाव मिळालं.

घर पौडच्या पुढे, धरणाच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत आहे. विटांच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी आणि मागे उताराचं परसू. आधीचं कुटुंब पौडला राहायला गेल्यापासून ते बंदच होतं. वासे बदलायचे, कौलं उतरवून पुन्हा चढवायची, स्वयंपाकघरात नवा ओटा घालायचा, आणि अण्णांच्या खोलीला लागून कमोडचं बाथरूम, त्यात धरायला स्टीलचा दांडा, असं सगळं ठरवलं होतं. मुलीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन खोल्या तयार झाल्या तशी बायको म्हणाली, "आपण राहायला जाऊ. घरात माणसं असल्याशिवाय गवंडी काम संपवत नाहीत." म्हणून आम्ही तिघं तिकडे गेलो आणि मी अण्णांना गावाहून घेऊन आलो.

ते दिवस गैरसोयीचे होते, पण आता आठवले की आमच्या घरातले ते सर्वांत आनंदाचे दिवस होते असं वाटतं. बाथरूमला दार नव्हतं. जुन्या चादरीचा पडदा लावला होता आणि आत कोणी आहे हे कळावं म्हणून मुलगी मोठ्यानं गाणी म्हणत असे. "गाणं थांबलं तरी कुणी यायचं नाही हं, मी फक्त कडवं विसरलेय," असं आतून ओरडायची. पोळीत सिमेंटची कचकच लागायची. बायको म्हणायची, "मुकाट्यानं खा, पोटात स्लॅब पडेल, मजबूत व्हाल."

अण्णांची मात्र सुरुवातीला पंचाईत झाली. ज्या खोलीत काम निघे तिथून त्यांची खाट उचलून दुसरीकडे न्यावी लागे. मग एके दिवशी त्यांनी स्वतःच खाट पडवीत टाकली, गवंड्यांच्या ढिगातली कुदळ उचलली आणि मागे परसात गेले.

नर्सरीतून मी रोपं आणून ठेवली होती. आंबा, चिकू, लिंबू, पेरू. पिशव्यांतच वाळत चालली होती. अण्णांनी ती लावली आणि प्रत्येकाभोवती आळं केलं. आळं म्हणजे पाणी धरून ठेवायला बुंध्याभोवती खणलेला गोल खड्डा, हे सगळ्यांना माहीत असतं, पण अण्णांची आळी बघायला हवी होती. आमच्या गावाकडे पाऊस उशिरा येतो आणि लवकर जातो. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत दिवस काढायचे. तिथे झाड जगवायचं तर खोल आळं आणि त्याला चांगला काठ पाहिजे. ते उकिडवे बसून काठावर ओली माती लावत आणि तळहातानं गुळगुळीत करत. भांड्यांचं, धुण्याचं, आंघोळीचं पाणी झाडालाच गेलं पाहिजे हा त्यांचा जन्मभराचा नियम होता. तो त्यांनी इथेही लागू केला. प्रत्येकाला एकेक झाड नेमून दिलं. हात धुवायचे, चूळ भरायची, ती आपापल्या झाडात.

बायको म्हणाली, "अण्णा, इथं नळाला चोवीस तास पाणी आहे."

"म्हणून सांडायचं व्हय?"

मुलीच्या वाट्याला चिकू आला होता. रोज सकाळी दात घासून ती जाहीर करायची, "आजोबा, माझ्या चिकूनं आज पण टूथपेस्ट खाल्ली!"

"खाऊ दे. दात नीट येतील त्याला."

त्या दिवसांत त्यांनी पिशवीचं नाव काढलं नाही. एकदा फोनवर माझ्या बहिणीला सांगताना मी ऐकलं, "आमच्या लिंबाला नवी पालवी फुटायलीय." आमच्या लिंबाला! मी ओट्यापाशी उभा होतो. बायकोनं माझ्याकडं बघितलं. अण्णा राहतील असं मला त्या क्षणी पहिल्यांदा खरं वाटलं. मला तेवढंच हवं होतं. राहतो म्हणून त्यांच्या तोंडून वदवून घ्यायची मला गरज नव्हती, फक्त कोणी मोडता घालायला नको होता.

शेजारी एक काकू राहतात. त्यांची भातशेती आहे आणि घरामागच्या खोल्या कंपन्यांतल्या कामगारांना भाड्यानं दिल्या आहेत. एका सकाळी त्या कढीपत्ता द्यायला आल्या, परसात डोकावल्या आणि मला म्हणाल्या, "दादा, ती आळी कुनी केली?"

"वडिलांनी."

"लई झ्याक केल्यात. पन बुजवा. हितला पाऊस तुमी पाह्यला न्हाई. महिना महिना उघडत न्हाई. पानी हुबं ऱ्हाईल आन् मुळं कुजत्याल. हितं झाडाला भर घालत्यात, मातीचा ढीग लावत्यात बुंध्याला. खड्डा न्हाई करत."

"सांगतो त्यांना."

"सांगा. ऐकत्यात का पन? आमचं म्हातारं चाळीस वर्सं झाली, अजून माजं ऐकत न्हाई."

मी सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. आज मी आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मातीतलं काहीतरी मला कळलं होतं आणि अण्णांना कळलं नव्हतं, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं. लहानपणापासून मी शेतात कुठेही हात घातला की "असं न्हाई, सरक" हेच ऐकत आलो होतो. आता मला सांगायचंच नव्हतं. मला ते करून टाकायचं होतं.

पाऊस जवळ आला होता. अण्णांना डोळे तपासायला पुण्याला न्यायचं होतं. मी ऑफिसच्या मीटिंगचं कारण पुढे केलं आणि बायकोला त्यांच्याबरोबर पाठवलं. त्या दिवशी परसातला राडारोडा काढायला ठेकेदाराची माणसं आली होती. मी त्यांना सांगितलं, "झाडांभोवतीची ती आळीपण बुजवा आणि बुंध्याला भर घाला."

ठेकेदार म्हणाला, "आजोबा काय म्हनतील? रोज हात फिरवत असत्यात त्येच्यावर."

"मी बोलतो त्यांच्याशी."

काठ मोडायला वेळ लागला नाही. एकानं तर फावडंही घेतलं नाही, पायानंच पाडले. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन मागच्या दारात बसलो होतो. मीटिंग केव्हाच संपली होती.

संध्याकाळी दोघं परत आले. अण्णांच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, त्यावर काळा चष्मा होता. चहाआधी तोंड धुवायला ते तांब्या घेऊन मागे गेले. थोडा वेळ तिथे नुसते उभे राहिले. मग भरलेला तांब्या घेऊन आत आले आणि नव्या बेसिनवर तोंड धुतलं. त्या बेसिनला त्यांनी तोवर हात लावला नव्हता.

"कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "कामगारांनी. इथं पावसाचं पाणी साचतं म्हणे."

"बरं केलं."

मुलगी मागून पळत आली. "आजोबा, माझ्या चिकूचं ताट कुठं गेलं?"

"उचललं, बाळा. जेवण झालं त्याचं."

ती हसली. अण्णाही हसले. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी कपबशी उचलून पडवीत गेलो.

चारपाच दिवसांत अण्णांनी पेरणीचा विषय काढला. जमीन बटईनं दिलेली आहे, पेरणीशी त्यांचा काही संबंध उरलेला नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी म्हणालो, "घर पुरं होईपर्यंत तरी थांबा. तुमचं बाथरूम झालंय, दार बसवायचंच राहिलंय."

"व्हायलंय की तुझं घर. होऊ दे."

मी त्यांना एसटीत बसवून दिलं. खिडकीतून त्यांनी एवढंच विचारलं, "जाताना ट्रॅफिक लागंल का तुला?"

मग मुळशीचा पाऊस लागला. काकूंचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. परसातून पाण्याचे ओहोळ वाहिले, खालच्या बाजूला दिवसेंदिवस तळं साचलं. पण आमची रोपं मातीच्या ढिगांवर ताठ उभी होती. मी फोटो काढले आणि बायकोला दाखवले. "बघ, सगळी वाचली."

"हो, झाडं वाचली," ती म्हणाली आणि भांडी घासत राहिली.

श्रावणात काकू पुन्हा आल्या. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात वेलीवरची काकडी. अण्णांना त्या आबा म्हणत. म्हणाल्या, "आबा कवा येनार? त्यांच्यासाठी आनली हुती."

मी म्हणालो, गावी कामं आहेत.

"झाडं लागली चांगली. त्यांनीच घातली ना भर?"

"नाही, कामगारांनी."

"आँ? मला तर म्हनले हुते, मीच घालतो." आणि मग त्यांनी सहज बोलता बोलता जे सांगितलं ते ऐकताना मी उंबऱ्यात बसलो. मला सांगून झाल्यावर एकदोन दिवसांनी त्यांनी अण्णांनाही सांगितलं होतं. अण्णांनी ऐकून घेतलं. वाद घातला नाही. उलट काकूंबरोबर त्यांच्या परसात गेले, आंब्याला भर किती उंच घालतात ते पाहिलं, पाणी बाहेर काढायला चर कुठून न्यायचा ते विचारलं. काकू हसत म्हणाल्या, "मला म्हनले, जलमभर पानी आडवत आलो, आता ह्या वयात सोडायला शिकवताय व्हय? डोळं दावून आलो की नातीला हाताशी घेतो आन् करतो, म्हनले. म्या म्हनलं, आबा, पोरीला चिकलात घालू नगा, सूनबाई वरडंल."

म्हणजे ते शिकत होते. उतारवयात, नव्या पावसाची, नव्या मातीची रीत ते शिकून घेत होते. जो माणूस परत जाणार असतो तो हे कशाला शिकेल? आणि मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवून त्यांच्या पाठीमागे ते काम उरकून टाकलं होतं.

त्याच संध्याकाळी मी फोन केला. पाऊस इतका होता की मला ओरडून बोलावं लागत होतं. "अण्णा, ती आळी मी बुजवायला लावली होती. कामगारांनी आपल्या मनानं नाही केलं."

"म्हाईत हाय मला. मालकानं सांगितल्याबिगर गडी फावडं लावतो व्हय?"

"मग बोलला का नाही?"

"घर तुझं हाय. त्यात काय बोलायचं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी काहीतरी बोलू शकलो असतो. ही जमीन मला घेता आली ती त्यांच्या सातबाऱ्यामुळे, शेतकऱ्याचा मुलगा म्हणून, हे माझ्या ओठावर आलं होतं. पण ते म्हणजे त्यांच्याच उपकाराची त्यांना आठवण करून देणं झालं असतं. मी फक्त म्हणालो, "चुकलं माझं."

"बरं. जेवलास का?"

दिवाळीला मी त्यांना आणायला गेलो आणि ते लगेच आले. मला किती हायसं वाटलं! घर पुरं झालं होतं. त्यांनी खोल्या पाहिल्या, बाथरूममधला दांडा हलवून बघितला, बायकोच्या चकल्यांना नावं ठेवली आणि भरपूर खाल्ल्या. सगळं पूर्वीसारखं झालं असं मी एक दिवस मानलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोनवर होतो. ते दारात येऊन थांबले. माझं बोलणं संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "पेरूची एक फांदी वाळलीय. काढू का?"

"अण्णा, विचारता काय? तुमचंच आहे सगळं."

"न्हाई, विचारलेलं बरं."

नंतर त्यांनी पाइप लावू का विचारलं. पाचोळा गोळा करू का विचारलं. फाटक उघडं ठेवलं तर चालेल का विचारलं. दर वेळी मी तेच उत्तर दिलं आणि दर वेळी त्यांनी मान डोलावली.

अण्णा गावी परत जायच्या आदल्या दिवशी मी कुदळ घेऊन परसात गेलो. पावसानं बुंध्यांवरची माती बरीच वाहून गेली होती. मला वाटलं, काम चुकीचं केलं तर ते म्हणतील, "असं न्हाई, सरक." म्हणून मी मुद्दाम वेडीवाकडी माती ओढायला लागलो. ते पायवाटेवर येऊन उभे राहिले. मी विचारलं, "अण्णा, भर किती घालू?"

"तू म्हणशील तशी," ते म्हणाले आणि माझं होईपर्यंत हात मागे बांधून तिथेच थांबले.