चाकांपुढची लिंबं

लिंबू चिरलं की मला चामराजपेटमधला आमच्या घरापुढचा उतार आठवतो. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, जुनी मोटार घेतली होती, गल्लीतली पहिलीच. तपासणाऱ्या कानडी मेस्त्रीने माझ्यादेखत सांगितलं होतं, "हँडब्रेक स्वल्प सैल आहे, बाकी सगळं सरी, ठीक." स्वल्पच ना, म्हणून अण्णांनी मान डोलावली आणि घरी येताना मला म्हणाले, "आईला बोलू नकोस." दुसऱ्या दिवशी आईने बॉनेटला हळदकुंकू लावलं, चारी चाकांपुढे लिंबं ठेवली. अण्णा नमस्काराला वाकले आणि रिकामी गाडी आपली आपणच निघाली. लिंबं फटाफट फुटली, आंबट वास सुटला आणि गाडी शेजाऱ्यांच्या कट्ट्याला टेकून थांबली. "देवानेच चालवली हो!" आईने हात जोडले. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा फक्त माझ्याकडे बघत होते. आई माझ्या धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन पुढे बसली. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी मागे बसले, अण्णांनी हँडल मारून गाडी सुरू केली, आणि उतार संपेपर्यंत मी दोन्ही पाय खाली घट्ट रोवून धरले. इतकी वर्षं झाली. तो वास आला की स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पाय अजून तसेच रोवले जातात.