पायलीतलं मूठभर भात

मी पुण्याला कॉम्प्युटरवर कामाला लागले तेव्हा आमच्या मळवलीत कुणाला ते खरं वाटलं नाही. मलाही कुठे वाटत होतं! सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. नोकरी उमेदवारीची. काम जमलं तर कायम, नाहीतर आईने परंदवडीचं स्थळ पाहूनच ठेवलं होतं. मुलगा चांगला होता, पण माझा जीव त्या यंत्रावर जडला होता.

पहिलंच काम आमच्या मावळचं मिळालं. एकेका शेतकऱ्याचं भोकं पाडलेलं एकेक कार्ड, त्यावर त्याने पेरलेलं भाताचं वाण. कुठलं वाण किती वेळा येतं ते मोजणारा प्रोग्राम मी लिहिला, तोही तसल्याच कार्डांवर. प्रत्येक वाणाला यंत्रात एक खण. आंबेमोहोर आला की त्याच्या खणात एक वाढवायचा, कोळंबा आला की कोळंब्याच्या. सोपं काम! पण कागद छापून आला तर कार्डांपेक्षा शेतकरीच जास्त. साहेब म्हणाले, "मावळात एवढी माणसं रातोरात आली कुठून? सोमवारी दुरुस्त करून दाखवा, नाहीतर तुमचं काही खरं नाही."

रविवारी घरी गेले. खळ्यावर मळणी उरकली होती. आबांनी, म्हणजे वडिलांनी, मोजायला पायली माझ्या हातात दिली. आमच्याकडे माप कधी रिकामं ठेवत नाहीत. बरकतीसाठी तळाशी मूठभर भात असतंच. मी पायली तशीच राशीत खुपसली.

आई ओरडली, "अगं, आदी मागल्या सालचं काढ की, मोजून झाल्यावर नवं टाकू! जुनं बी नव्यातच मोजतीस व्हय?"

मी पायली धरून उभीच राहिले. यंत्रातले खण! माझ्या आधी कुणीतरी काम केलं होतं, त्याचे आकडे खणांत तसेच पडून होते आणि मी त्यांच्यावरच भर घालत होते. खण आधी शून्य करायचे असतात, हे मला सुचलंच नव्हतं. सुचणार कसं? माप रिकामं ठेवणं आमच्या रक्तातच नाही. मी हसत सुटले.

"पोरीला ऊन लागलं जणू," आबा म्हणाले.

सोमवारी सगळे खण शून्य करणारं कार्ड प्रोग्रामच्या सुरुवातीला घातलं. आकडे चोख जुळले आणि पुढे मी कायम झाले. केवढा आनंद झाला होता मला! घरी सगळं सांगितलं, तर आईचा चेहरा पडला.

"सगळं रिकामं करत्यात? तळाला मूठभर पन ठेवत न्हाईत?"

निघताना तिने पुरचुंडीत मूठभर आंबेमोहोर बांधून दिला.

"तुज्या टेबलात ठिव. ती मशीन ऱ्हाऊ दे रिकामी, तू न्हाई ऱ्हायाचं."

परंदवडीचं नाव तिने त्यानंतर काढलं नाही.