नवमीला बंद केलेला शेकर

आजही खंडेनवमीला कोणी यंत्राला हळदकुंकू वाहताना दिसलं की माझं डोकं सणकतं. देवावर राग नाही माझा. राग आहे तो नागपूरच्या त्या लॅबमधल्या आमच्या सरांवर.

मी तेव्हा पीएचडी करत होते. मधुमेह्यांच्या पायाच्या जखमा भरून आणणारं एक प्रथिन आम्ही जिवाणूंकडून बनवून घेत होतो. माणसाचा जीन त्यांच्यात घातला की ते बिचारे बनवतात. पण उबेत इतकी घाई करतात की नुसत्या गुठळ्या! पिठल्यात बेसन एकदम ओतल्यावर होतात, तशा. आणि गुठळ्यांचा उपयोग शून्य. माझं म्हणणं होतं, त्यांना थंडीत ठेवा, सावकाश बनवू द्या. सर म्हणाले होते, "दसरा झाला की विरघळलेलं प्रथिन दाखव. नाहीतर तुझी ही रीत बंद."

अष्टमीच्या संध्याकाळी मी बाटल्या शेकरमध्ये लावल्या. हे यंत्र त्यांना गार ठेवतं आणि हलवत राहतं. त्याच्या दारावर ठळक चिठ्ठी चिकटवली: 'चालू आहे. बंद करू नका.' सकाळी सक्करदऱ्याच्या घरून धावतपळत आले, तर शेकर बंद! वर झेंडूचा हार, आणि कुंकवाचं बोट नेमकं माझ्या चिठ्ठीवर. आत बाटल्या कोमट. ऑक्टोबरातलं नागपूर ते!

"सर, बंद काहून केलं?"

"आज औजारं आराम करतात ना बाई. चालू मशीनची पूजा करते काय कोणी? एवढी काहून चिडून राहिली?"

दसरा झाल्यावर त्याच बाटल्यांतल्या जिवाणूंच्या पेशी फोडल्या. प्रथिन नळीच्या तळाशी गोळा होऊन बसलेलं. सरांनी नळी उजेडात धरली.

"पाहा. तुझ्या थंडीनं काही होत नाही."

अरे, थंडी मिळाली कुठे त्यांना! चोर सोडून संन्याशाला फाशी. मी मोबाइल काढला. पूजेचा फोटो सरांनीच विभागाच्या ग्रुपवर टाकला होता. हात जोडलेले सर, हार, कुंकू लागलेली चिठ्ठी, आणि पडद्यावरचे आकडे विझलेला शेकर.

"हे पाहा ना सर, बंद आहे हा. मले एकदा चालू शेकरवर करू द्या. एकदाच."

सरांनी चष्मा वर करून फोटो नीट न्याहाळला.

"चांगला आला," ते म्हणाले, आणि सोमवारी शेकर दुसऱ्याला देऊन टाकला.