हला की जरा

दिवाळीची सुट्टी म्हणजे माझी स्वतःची सुट्टी, अशी माझी समजूत होती. आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी ती एका वाक्यात मोडीत काढली. "तुमचं इंग्रजी बरं आहे," असं म्हणत त्यांनी स्वीडनहून आलेली एक मुलगी माझ्या गळ्यात मारली. आणीबाणी उठून गेली होती, पण मोठ्या बाईंना ते कुणी कळवलं नसावं.

मुलगी बाविशीतली. रंगानं, नाकानं, केसांनी थेट सोलापूरची; तोंड उघडलं की परकी. दोनेक वर्षांची असताना एका परदेशी जोडप्यानं तिला इथल्या अनाथाश्रमातून दत्तक नेलं होतं. आता ती सिनेमा शिकत होती आणि स्वतःवरच एक सिनेमा काढायला आली होती. तिच्यासारखी तिकडे आणखीही मुलं होती म्हणे, कुणी कोरियातून नेलेलं, कुणी आपल्याकडून, आणि त्यातल्या दोघा-तिघांनी असेच सिनेमे काढायला घेतले होते. "सगळे जुनं दार शोधत जातात," ती म्हणाली. मला हे जरा नाटकी वाटलं. "आणि दार सापडलं की?" मी विचारलं. "तोवर रीळ संपलेलं असतं." तिचं इंग्रजीही माझ्यासारखंच शाळेत घोकलेलं, त्यामुळे आमचं बरं जमायचं.

तिला हवं होतं ते एकच. आश्रमात तिला सांभाळणारी आया अजून होती, जवळच्या कुंभारी गावात लेकाकडे राहायची. त्या आयामावशींना एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर देतानाचा त्यांचा चेहरा कॅमेऱ्यात पकडायचा. प्रश्न असा की, मला इथून नेलं तेव्हा मी रडले का? तिकडची आई लहानपणापासून सांगत आली होती, तू हसत हसत आलीस. दोन वर्षांचं पोर अनोळखी माणसांबरोबर हसत कसं जाईल, हे मुलीच्या गळी उतरत नव्हतं. माझ्याही उतरत नव्हतं. पण एवढं विचारायला समुद्र ओलांडून यायचं, आणि वर माझी सुट्टी खायची, हे मला अतीच वाटलं.

कुंभारीला एसटीतून उतरलो तर मावशी नव्या कोऱ्या लुगड्यात दारात उभ्या. भिंतीला ताजा चुना, अंगण सारवलेलं. कॅमेरा येतोय हा निरोप मीच धाडला होता, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. मुलीनं कॅमेऱ्याला किल्ली दिली, डोळ्याला लावला. त्यासरशी मावशींनी पदर सारखा केला, हात मांड्यांना चिकटवले आणि श्वास रोखला. शेजारच्या बायका भराभर येऊन मागं ओळीनं उभ्या राहिल्या. फोटो म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. हललं की बिघडतो.

"हा फोटो नाही, सिनेमा आहे. हला की जरा," मी म्हणाले.

"आवं बाई, हालल्यावर फोटू कसा यील?" एका शेजारणीनं ओठ न हलवता विचारलं.

मी चालून दाखवलं, हसून दाखवलं, खोटं खोटं दळूनही दाखवलं. सगळ्यांनी ते गंभीरपणे पाहिलं आणि पुन्हा खांबासारख्या झाल्या. एका रिळात जेमतेम तीन-चार मिनिटं मावत. तो कॅमेरा खर्र करून थांबेपर्यंत कुंभारीतलं एक कुत्रं तेवढं हललं.

कॅमेरा खाली ठेवला मात्र, सगळ्या जिवंत झाल्या. एकीनं मुलीच्या केसांना तेल चोपडलं, दुसरीनं वेणी घातली, तिसरी हातात बांगड्या चढवू लागली. मुलगी कासावीस होऊन मला म्हणाली, हेच, हेच मला हवंय! ती कॅमेऱ्याकडे झेपावली, तर तो जागेवर नव्हता. मावशींनी तो फडताळात ठेवला होता. "लेक म्हायेराला आली, आन् तिला कामाला लावता व्हय?" हे त्यांनी मला सुनावलं. हुज्जत घालून कॅमेरा बाहेर काढला, तोवर सगळ्या परत भिंतीला टेकलेल्या. मला रडू यायचं बाकी होतं.

प्रश्न विचारला की मावशी म्हणायच्या, "आदी खाऊ द्या तिला." मग भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. मुलीच्या डोळ्यांतून पाणी यायचं ते तिखटानं. मी येताना बिस्किटांचा पुडा नेला होता. मावशींनी तो बघितला, उचलला आणि नातवंडांच्या हाती देऊन त्यांना बाहेर पिटाळलं. पाहुणीपुढं एक बिस्किट ठेवलं नाही. मला हे फार खटकलं.

दुसऱ्या खेपेलाही तेच. नवं लुगडं, ताठ हात, फडताळ, "आदी खाऊ द्या." मुलीकडे आता एकच रीळ उरलं होतं आणि माझ्याकडे तेवढाही धीर नव्हता. मुलगी निमूट कोपऱ्यात बसलेली बघून माझा तोल गेला.

"मावशी, ही उद्याच्या गाडीनं जाणार. सांगायचं नसेल तर सरळ नाही म्हणा. उगाच एसटीचे हिसके कशाला खायला लावता आम्हाला?"

मावशी चुलीपुढं भाकरी थापत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"त्ये यंत्र फडताळात हाय न्हवं?"

"आहे."

"मग सांगा तिला. न्हाय रडली. तिला वाटलं, मीबी येतीया." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "पोर गप ऱ्हावी म्हनून मला टेसनापतूर नेलं हुतं. डब्यात मांडीवर घिऊन बसले. लई हसत हुती. मग तिच्या हातात बिस्कुट दिलं. ती खान्यात गुतली, तशी मी मागल्या दारानं उतरले. गाडी हालल्यावर रडली आसंल. मला न्हाय ठावं. मी कान झाकून घेतलं हुतं."

हे इंग्रजीत सांगायचं काम माझंच. मला भयंकर राग आला होता. मोठ्या बाईंचा, त्या परदेशी जोडप्याचा, मावशींचा, मी आणलेल्या त्या पुड्याचाही. पण मी काही गाळलं नाही. बिस्किटही नाही, कानही नाहीत.

"म्हणजे आई खोटं बोलत नव्हती," एवढंच मुलगी म्हणाली. मग उठून मावशींच्या शेजारी जाऊन बसली. कॅमेरा तिनं मागितला नाही. मावशींनी पहिला घास तिच्या तोंडात घातला, आणि या वेळी मी त्यांना घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी स्टेशनावर गेलो, तर मावशी आमच्या आधी हजर. तेच लुगडं. लेकाला न सांगता एकट्याच आल्या होत्या. या वयात एवढी दगदग कशाला, म्हणून मी कुरकुरले. त्यांनी ऐकलं नाही. मुलगी डब्यात चढली आणि दारातच उभी राहिली. मावशी त्या दारासमोर जाऊन थांबल्या, पदर सारखा केला, हात मांड्यांना चिकटवले.

गाडी हलली. मुलीनं शेवटचं रीळ भरलेल्या कॅमेऱ्याला किल्ली देऊन तो डोळ्याला लावला. 'हला की जरा' हे सवयीनं माझ्या तोंडात आलं होतं, ते मी गिळलं. सामानाची हातगाडी ढकलत एक हमाल आला आणि मावशींवर खेकसला. त्या तसूभर सरकल्या नाहीत. तो शिव्या देत वळसा घालून गेला. शेवटचा डबाही दिसेनासा झाला, तेव्हा कुठे मावशींनी श्वास सोडला.

"बाई, शेवटपतूर दिसले का वं मी तिला?"

"दिसलात," मी म्हणाले.